न झालेल्या प्रॅक्टिकलचे मार्क

लातूरच्या एका महाविद्यालयात मी एकतीस वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं. या एकतीस वर्षांत प्रवेशाच्या टेबलासमोर बसलेल्या आईबापांनी मला एकच वाक्य ऐकवलं. आधी ते म्हणायचे, "पीएमटीला नंबर लागला न्हाई, म्हणून आणलाय." मग सीईटी आली, मग नीट आली, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं नाव तेवढं बदललं. हे ते मुलासमोर बोलायचे. मूल खाली मान घालून फॉर्म भरायचं. माझा विषय म्हणजे ज्यांचं काहीच झालं नाही त्यांना बसवायची जागा, असा अर्थ होता त्याचा, आणि तो ऐकून घेऊन मी फॉर्मवर सही करायचे.

या अंकाच्या संपादकांनी 'अध्यापनातले आनंदाचे क्षण' असा विषय दिला होता. मी फोन करून विचारलं, "माझ्याकडे राग जास्त आहे, चालेल का?" ते म्हणाले, "लिहा तर." म्हणून लिहिते आहे.

आधी बाहेरच्या माणसाला हा अभ्यास म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडे बीएस्सीला जीवशास्त्र आणि जीवरसायन जोडीनं घेता येत होतं. जीवशास्त्राच्या तासाला मुलं अख्खी म्हैस बघतात. तिच्या पोटाचे चार कप्पे, रवंथ, रक्त कुठून निघून कुठं जातं ते. जीवरसायनाच्या तासाला त्याच म्हशीच्या एका पेशीत शिरायचं, आणि खाल्लेल्या कडब्याची साखर कशी होते, त्या साखरेतून जोर कसा निघतो, हे रेणू-रेणूनं बघायचं. एकटं जीवशास्त्र शिकलेल्याला काय झालं ते सांगता येतं, कसं झालं ते सांगताना तो अडखळतो. एकटं जीवरसायन शिकलेला परीक्षानळीसमोर हुशार असतो, पण गोठ्यात नेऊन उभा केला तर म्हशीपासून दोन हात लांब राहतो. दोन्ही एकाच डोक्यात असली की काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढं सांगतेच.

हा अभ्यास हातानं करायचा असतो. त्यासाठी आमच्याकडे एक प्रयोगशाळा होती आणि तिथं रशीदभाई होते. हुद्द्यानं प्रयोगशाळा परिचर, पण सगळी प्रयोगशाळा त्यांच्या जिवावर चालायची. कुठली बाटली कधी फोडली, कुठलं द्रावण उतरलंय, कुणाची नळी खराब धुतली आहे, हे ते लांबून सांगायचे. नळी उजेडाकडं धरून म्हणायचे, "मॅडम, ही धुतली न्हाई, भिजवली हाय नुसती."

आता रागाचं कारण. लातूरमध्ये रस्त्यारस्त्यावर मोठमोठे फलक आहेत, त्यांवर डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांचे फोटो. गावोगावची मुलं इथं येतात, खोल्या घेऊन राहतात, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत क्लासमध्ये प्रश्न सोडवतात. त्यांचं नाव कुठल्यातरी महाविद्यालयाच्या हजेरीपटावर असतं. बारावीचं प्रॅक्टिकल नावापुरतं. ही सवय हळूहळू वर चढत बीएस्सीपर्यंत आली. जर्नल एकमेकांचं बघून उतरवायचं, परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक यायचे, चहा व्हायचा, जेवण व्हायचं, मार्कांची यादी आधीच टाइप केलेली असायची. तिच्यावर बाहेरच्या परीक्षकाची एक सही आणि आतल्या परीक्षकाची एक.

आतली परीक्षक मी. माझ्या वर्गात प्रयोग होत होते, म्हणून मी स्वतःला समजवायचे की माझी यादी खरी आहे. पण शेजारच्या महाविद्यालयात मी बाहेरची परीक्षक म्हणून जायचे तेव्हा तिथल्या यादीवरही सही करून यायचे. तिथल्या नळ्यांवर धूळ मला दिसत होती. तरी मी सही केली. एकदा नाही, वर्षानुवर्षं केली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला फार मोठी समजू नये.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत शिवकन्या आमच्याकडे आली. जळकोट तालुक्यातल्या एका लहान गावातली. वडील माणिकराव घरची जमीन कसणारे, अंगानं उंच, बोलायला कमी. त्यांनीही टेबलासमोर तेच वाक्य म्हटलं. मुलगी बारावीनंतर दोन वर्षं लातूरला खोली करून नीटच्या मागं होती. दोन्ही वेळा थोडक्यात हुकलं. आता ती कुणाशी डोळ्याला डोळा भिडवून बोलत नव्हती.

पहिल्याच महिन्यात मी वर्गाला लाळेचा प्रयोग दिला. स्वतःच्या तोंडातली लाळ परीक्षानळीत घ्यायची, त्यात स्टार्चचं द्रावण घालायचं, दर मिनिटाला एक थेंब काढून आयोडिनमध्ये टाकायचा. स्टार्च असेपर्यंत थेंब निळा होतो. लाळेतलं एन्झाइम स्टार्च तोडत जातं तसा निळा रंग फिका होतो आणि शेवटी येतच नाही. हा अगदी बाळबोध प्रयोग. शिवकन्याने तो एकदा केला, नळी धुतली, पुन्हा केला. मग माझ्याकडं आली.

"मॅडम, ह्या एन्झाइमवर मी दोन वर्षांत किती प्रश्न सोडवले त्याला गणती न्हाई. उत्तर कधी चुकलं न्हाई माझं."

"मग?"

"निळा रंग जाताना आज पहिल्यांदा बघितला."

त्या दिवशी मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. एका हुशार मुलीची दोन वर्षं घेतली, आईबापाला गाव सोडून खोल्यांची दारं हिंडायला लावलं, आणि तिला एक रंग बदलताना दाखवला नाही कुणी.

त्यानंतर ती प्रयोगशाळेतच असायची. रशीदभाईंनी तिला काचसामान धुण्यापासून शिकवलं. ते मला म्हणाले, "पोरगी घाई करत न्हाई. बाकीचे उत्तर काय येतंय ते आधी विचारत्यात."

ती दुसऱ्या वर्षाला असताना, दसऱ्यानंतरच्या दिवसांत एका सकाळी ती वर्गात न येता सरळ प्रयोगशाळेत आली. हातात ओल्या कापडात गुंडाळलेला हिरवा पाला होता. चेहरा उतरलेला.

"मॅडम, तुम्ही सायनाइड शिकवलं होतं. पेशीला ऑक्सिजन वापरता येत न्हाई म्हणून. ते ज्वारीत असतंय का?"

मी म्हटलं, "कोवळ्या ज्वारीत तयार होऊ शकतं. का?"

मग तिनं सांगितलं. चार दिवसांपूर्वी त्यांची एक म्हैस आणि एक गाय तासाभरात मेली. दोन्ही ज्वारीच्या कापलेल्या रानात चरत होत्या. तोंडाला फेस आला, धाप लागली, पाय झाडले, संपलं. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी फाडून बघितलं आणि कागदावर 'विषबाधा' असं लिहिलं. त्या एका शब्दानं गाव पेटलं. विषबाधा झाली म्हणजे कुणीतरी विष घातलं. आणि शेजारच्या रानाचे धोंडिबा यांच्याशी माणिकरावांचं बांधावरून जुनं भांडण होतं. शिवकन्याच्या चुलत्यानं, बालाजीनं, धोंडिबांना रानात गाठून काठीनं मारलं. डोक्याला टाके पडले. आता दोन्हीकडून तक्रारी गेल्या होत्या, आणि धोंडिबांच्या घराला कुणी पाणी भरू देत नव्हतं.

"आणि तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटतंय की आमचंच चुकलंय." ती हळू बोलली. "आमच्याकडं सगळं सोयाबीन. बाबांनी लई वर्षांनी यंदा कडब्यासाठी ज्वारी टाकली. कापल्यावर बुडख्यांना फुटवे आले, वर पाणी न्हाई, ऊन हाय. एक म्हातारा माणूस म्हणत होता, फुटव्यात जनावर सोडत न्हाईत. त्याचं कुणी ऐकलं न्हाई."

लातूर जिल्ह्यात ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली त्याला आता खूप वर्षं झाली. ज्वारी गेली तशी ज्वारीबद्दलची माहितीही गेली. पूर्वी गुराख्याला ठाऊक असलेली गोष्ट आता गावात एका म्हाताऱ्याला ठाऊक होती.

गोष्ट अशी आहे. कोवळ्या ज्वारीच्या पानात एक निरुपद्रवी पदार्थ असतो आणि त्याला तोडणारं एन्झाइमही असतं, पण वेगवेगळ्या जागी ठेवलेलं. जनावरानं पान चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि सायनाइड सुटतं. पाण्याला तरसलेल्या फुटव्यात ते फार. मग जनावर श्वास घेत असतं, रक्त ऑक्सिजन वाहून नेत असतं, पण पेशी तो वापरू शकत नाही. न वापरलेला ऑक्सिजन रक्तातच राहतो, म्हणून परतीचं रक्तही लालभडक दिसतं. वनस्पतीचं पान, म्हशीचं रक्त आणि पेशीतलं एक एन्झाइम, हे एका ओळीत मांडायला दोन्ही विषय यावे लागतात.

हे ओळखण्याची एक जुनी, सोपी पद्धत आहे. गाळणकागदाच्या पट्ट्या पिक्रिक आम्ल आणि सोड्याच्या द्रावणात भिजवायच्या, त्या पिवळ्या होतात. पाला ठेचून नळीत घालायचा, पट्टी वर लटकवायची, बूच बंद करायचं. सायनाइडची वाफ सुटली तर पिवळी पट्टी नारिंगी होत होत विटकरी होते.

आम्ही तिनं आणलेल्या पाल्यावर ती केली. अर्ध्या तासात पट्टी विटेसारखी झाली. रशीदभाई जवळ येऊन बघत राहिले. मी शिवकन्याला विचारलं, "पण पट्टी दुसऱ्या कशानं लाल झाली नाही कशावरून?" तिनं विचार केला, थोडा पाला पाण्यात चांगला उकळला आणि तो दुसऱ्या नळीत घातला. उकळल्यावर एन्झाइम मरतं, मग सायनाइड सुटायला नको. ती पट्टी पिवळीच राहिली. मी तिला हे सांगितलं नव्हतं.

"मॅडम, हे मला गावात करून दाखवायचंय."

"तुझे वडील?"

"त्यांनाच दाखवायचंय आधी."

दुसऱ्या दिवशी मी, रशीदभाई आणि ती एसटीनं निघालो. नळ्यांचं खोकं रशीदभाईंनी सगळ्या रस्त्यानं मांडीवर धरलं. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर टेबल मांडलं. चाळीसेक माणसं जमली असतील. माणिकराव एका बाजूला हाताची घडी घालून उभे. धोंडिबा डोक्याला पट्टी बांधून दुसऱ्या बाजूला, त्यांच्याजवळ कुणीच नाही. मला वाटलं होतं मी बोलावं. शिवकन्या म्हणाली, "न्हाई मॅडम, मी बोलते."

तिनं तीन नळ्या घेतल्या. एकीत त्यांच्याच रानातला, सगळ्यांसमोर आत्ता तोडून आणलेला पाला. दुसरीत तोच, चुलीवर उकळून आणलेला. तिसरीत वाळलेला कडबा. पट्ट्या लटकवून नळ्या उन्हात ठेवल्या आणि ती थांबली. लोक चुळबुळ करायला लागले. बालाजी म्हणाला, "ही काय जादू करायली का?" पहिल्या नळीतली पट्टी आधी नारिंगी झाली, मग विटकरी. बाकीच्या दोन तशाच.

मग ती बोलली. "काका, हा कागद म्हैस कशानं मेली ते सांगत न्हाई. आपल्या रानातल्या पाल्यात विष हाय, एवढंच सांगतोय. मी डॉक्टरला फोन करून विचारलं की रक्त कसं होतं. ते म्हणाले, लालभडक, मेल्यावर असतं तसं काळपट न्हाई. हे विष झालं की रक्त तसंच होतंय. मला बाकी काही सापडलं न्हाई." ती वडिलांकडं वळली. "बाबा, जनावरं आपण सोडली होती त्या रानात. धोंडिबाकाकांनी काई केलं न्हाई."

वीस-एकवीस वर्षांची मुलगी स्वतःच्या बापाला गावासमोर चुकलास म्हणत होती. माणिकराव पुढं आले, पहिली नळी हातात घेऊन उजेडाकडं धरली, परत ठेवली. धोंडिबांकडं बघून म्हणाले, "चूक झाली."

धोंडिबांनी मान हलवली नाही. ते म्हणाले, "डोकं फुटलं ते फुटलंच की. चार दिवस माझी सून हंडा घेऊन दुसऱ्या गावाला गेली." आणि उठून गेले. तक्रारी पुढं दोघांनीही मागं घेतल्या, पण दोन घरांत बोलणं सुरू व्हायला लई वेळ लागला. आजही ते नीट नाही असं ऐकते. माझ्या नोकरीत माझा विषय असा कामाला आलेला मी एकदाच पाहिला, आणि त्यातही एका निर्दोष माणसाचं डोकं आधीच फुटलेलं होतं.

परतीच्या एसटीत रशीदभाई म्हणाले, "मॅडम, ही पोरगी आपल्याकडं चुकून आली म्हणत्यात लोक."

पुढच्या वर्षी, ती शेवटच्या वर्षाला असताना, आमची प्रयोगशाळा बंद झाली. सुट्टीनंतर मी कॉलेजात गेले तर दाराशी टेंपो उभा होता आणि रशीदभाई काचसामान खोक्यात भरत होते. "सामान स्टोरमधी टाकायला सांगितलंय," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. आतल्या प्रयोगाच्या टेबलांचे दगडी पृष्ठभाग काढले जात होते. तो हॉल एका क्लासला सराव परीक्षांसाठी दिला होता. आता तिथं रोज तीनशे मुलं बसून गोल काळे करणार होती.

मी प्राचार्यांकडं गेले. ते वाईट गृहस्थ नव्हते. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या शेवटच्या वर्षाला पाच मुलं आहेत. पाच मुलांसाठी संस्थेनं एवढा मोठा हॉल अडवून ठेवायचा का?"

"पाचच का राहिली, ते विचारा की."

"ते मी काय विचारू. तुम्ही निवृत्त होणार, मग जागाही भरली जाणार नाही. विषय आपोआप बंद होईल."

"मग यंदाच्या प्रॅक्टिकलचं काय?"

"होईल काहीतरी. आजवर कुणाचं अडलंय का?"

मी पत्रं लिहिली. संस्थेला, विद्यापीठाला, पुन्हा संस्थेला. स्टोरमध्ये खोक्यांमध्येच दोन टेबलं मांडून मुलांना काही शिकवायचा प्रयत्न केला, पण तिथं पाण्याचा नळ नव्हता, गॅस नव्हता. महिन्याभरात रशीदभाईंना ग्रंथालयात बसवलं. वर्षभरात एकही प्रयोग झाला नाही. पाची मुलांची जर्नलं कोरी होती, कारण मी त्यांना उतरवू दिली नाहीत.

परीक्षेचा दिवस आला. बाहेरचे परीक्षक आले, चहा झाला. यादी टाइप केलेली होती. पन्नासपैकी पाची जणांना चाळिसाच्या वर. परीक्षकांनी सही करून कागद माझ्याकडं सरकवला.

मी विचारलं, "कुठला प्रयोग केला मुलांनी?"

ते हसले. "मॅडम, नवीन आहात का?"

"एकतीस वर्षं झाली."

"मग?"

मी सही केली नाही. वर्षभरात प्रॅक्टिकल झालं नाही आणि परीक्षाही झाली नाही, असं लिहून विद्यापीठाला पाठवलं. प्राचार्य चिडले. "तुम्ही चार दिवसांत निवृत्त व्हाल. पोरांचं काय?" मला वाटलं हे धमकावत आहेत. ते धमकावतच होते. पण ते खरंही होतं, आणि तेवढं ऐकण्याइतकी मी शांत नव्हते. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या याद्यांवर केलेल्या सह्या मला त्या एका नकारानं पुसायच्या होत्या. पाची मुलं बाहेर व्हरांड्यात उभी होती. मी त्यांच्यासमोरून निघून गेले.

निकाल लागले. पाच जणांसमोर 'राखीव' असं आलं. चौकशी समिती आली, तिनं माझं ऐकलं, संस्थेचं ऐकलं, अहवाल दिला, तो कुठं गेला मला कळलं नाही. मुलांची प्रॅक्टिकल परीक्षा पुन्हा घ्यायची ठरली, नांदेडच्या एका महाविद्यालयात, तीही दिवाळीनंतर. तोवर एमएस्सीचे प्रवेश संपले होते. शिवकन्याला नांदेडला जीवरसायनात एमएस्सी करायचं होतं. ते वर्ष गेलं. पाचातल्या एका मुलीचं त्या मोकळ्या महिन्यांत लग्न लावून दिलं. ती मंगळसूत्र घालून परीक्षेला आली, चांगले मार्क घेतले, आणि पुढं शिकली नाही. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. मला ते रोज आठवतं.

संस्थेत कुणालाही काही झालं नाही. हॉलमध्ये सराव परीक्षा चालू राहिल्या.

हिवाळ्यात एका दुपारी माणिकराव माझ्या घरी आले. मी चहा ठेवला, त्यांनी घेतला नाही.

"बाई," ते म्हणाले, "माझ्या पोरीनं गावासमोर मला खोटं पाडलं. मी सोसलं. म्हटलं, शिकलेली हाय, खरं हाय ते बोलली. मला त्याचा राग न्हाई आला, गर्व वाटला. पण आता ती घरी बसून हाय. कुणाशी बोलत न्हाई. नीटच्या टायमाला होती तशी झालीय. पाव्हणे यायलेत बघायला. तुम्ही मोठ्या, तुमचं बरोबर असंल. पण तिला घरी कुणी बसवलं?"

मी संस्थेचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला मी पुन्हा तीच पत्रं दाखवणार होते का?

"पाव्हण्यांना थांबवा," मी म्हटलं. "तिला माझ्याकडं पाठवा. पुढच्या प्रवेश परीक्षेची तयारी मी करून घेते."

"ती यील का, ठाऊक न्हाई," ते म्हणाले.

ती आली. आठवड्यातून दोनदा, जळकोटहून एसटीनं. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही बसायचो. ती विषयाचं बोलायची, बाकी काही नाही. मी जेव म्हटलं तर म्हणायची, "डबा आणलाय." निवृत्त झालेले रशीदभाई कधीमधी येऊन बसायचे, त्यांच्याशी मात्र ती हसून बोलायची. मी तिकडं स्वयंपाक करता करता ऐकायचे. सहा-सात महिने असेच गेले. तिला कधी मी म्हटलं नाही की माझं चुकलं, कारण माझं काय चुकलं ते मला नेमकं सापडत नव्हतं. सही करायला हवी होती का? नाही. हे मी किती वेळा स्वतःला विचारलं असेल, उत्तर तेच यायचं.

पुढच्या वर्षी पहिल्याच यादीत तिचं नाव लागलं. हे सांगायला ती स्वतः आली. त्या दिवशी जेवलीही. जाताना दारात चप्पल घालता घालता थांबली.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी आम्ही पाची जण व्हरांड्यात होतो. तुम्ही आमच्यासमोरून गेलात. आम्हाला विचारलं का न्हाई?"

मी संस्थेवर चिडले होते, परीक्षकावर चिडले होते, स्वतःवर चिडले होते. ज्यांची परीक्षा होती त्यांच्याशी बोलावं हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. प्रवेशाच्या टेबलासमोर त्यांचे आईबाप तरी वेगळं काय करत होते?

मी म्हटलं, "विचारलं असतं तर काय सांगितलं असतं तुम्ही?"

तिनं पिशवी खांद्याला लावली.

"सही करू नका, असंच म्हणलो असतो," ती म्हणाली. "पण विचारायचं होतं."